राखेचं कडं

१

बाइंडरकाका रविवारी सकाळी गेले, हे मी पोचायच्या आधीच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त साडेसात की आठ, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी मला बोलावलं होतं.

माझी रोपांची नर्सरी आहे. एकतीस वर्षं मी लोकांना झुडपं विकते आणि नंतर ती मारून टाकल्याबद्दल त्यांना शिव्या घालते. खुनाच्या कामाला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. काकांच्या घराचं फाटक ढकललं तेव्हा अकरा वाजले होते. व्हरांड्यात एक काळी छत्री उघडून वाळत ठेवलेली होती. काकांचं प्रेत नेलेलं होतं. मागच्या बागेत इन्स्पेक्टर उभे होते, नाकाला रुमाल लावून. त्यांना सर्दी झाली होती आणि बाग या वस्तूचा राग होता, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"ताई, एकच प्रश्न," ते म्हणाले. "सहा झुडपांना खत घालायला माणसाला किती वेळ लागतो?"

"माणूस कोण त्यावर आहे. काकांना अर्धा तास. तुम्हाला दोन तास, आणि वर झुडपं मेली असती."

ते हसले नाहीत. हसण्यासारखं काही नव्हतंच. बागेच्या टोकाला काकांची अवजारांची खोली आहे, पत्र्याचं छप्पर पुढे काढलेली. तिच्या उंबऱ्यावर काका पालथे पडलेले सापडले होते. पाय आत, डोकं बाहेर, आणि मागे कवटीला खोक. खोलीत दाराशीच त्यांचा जुना लोखंडी शिकंजा होता, पुस्तकं बांधताना दाबून ठेवायचा. त्याच्या कोपऱ्याला रक्त लागलेलं होतं. कोणीतरी समोरून जोरात ढकललं, डोकं मागे आपटलं, मग ते कसेबसे वळून दारापर्यंत सरपटले. उजव्या हाताजवळ एक रिकामी बादली आडवी पडली होती.

"स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "आजच्या तारखेला गोल करून लिहिलंय, 'ब्लूबेरीला खत'. काका शब्दाचे आणि वेळेचे पक्के, असं सगळेच सांगतात. सातला उठले, साडेसातला खत घालायला लागले, सहाही झुडपांना घालून झालं, बादली ठेवायला खोलीत आले, आणि तिथे कोणीतरी गाठलं. साडेआठला सुनेनं आरडाओरडा केला. त्या वेळात घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"रात्री पाणी गोठेल इतकी थंडी होती. अशा थंडीत प्रेतावरून वेळ नक्की सांगता येत नाही म्हणतात. कपडे कोरडे होते, पण वर छप्पर आहे. वेळ सांगणार तो हे खतच." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "घर सुनेच्या नावावर व्हायचं होतं. परवा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते शेजाऱ्यानं ऐकलंय. संध्याकाळपर्यंत तिला घेऊन जाणार मी."

सून मला ठाऊक होती. हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला, चादरींच्या वाफेनं हात कायम लालभडक. तीन वर्षांपूर्वी काकांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, आजारपणात गेला. माहेरी कोणी नाही. तिला एकदा आत टाकलं असतं तर बाहेर काढायला धावणारं माणूस या जगात नव्हतं. जो होता तो उंबऱ्यावर पालथा पडला होता.

मी झुडपांकडे वळले. कमरेएवढी सहा झुडपं, लाकडी फळ्यांच्या वाफ्यात, एका ओळीत. कळ्या नुकत्या फुगायला लागलेल्या. माझ्याकडूनच गेलेली, त्यामुळे माहेरवाशिणींकडे बघावं तशी मी बघितली.

सहाही झुडपांच्या भोवती राख होती.

२

"हे खत नाही," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

"लाकडाची राख. अहो, ब्लूबेरीला आंबट माती लागते. म्हणून हा वेगळा वाफा, म्हणून वर पाइनच्या सुयांचा थर, म्हणून नळाचं पाणी नाही, त्या पिंपातलं पावसाचंच पाणी. राख घातली की मातीचा आंबटपणा मरतो. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि झुडूप भरल्या ताटावर उपाशी मरतं."

"मग चुकून घातली असेल त्यांनी."

खरी अडचण हीच होती. काकांनी ती चूक पूर्वी केली होती. झुडपं नेली त्याच्या पहिल्याच वर्षी ते माझ्याकडे दोन पिवळी पानं घेऊन आले. मी घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक झुडपाभोवती राखेचं कडं, खोडापासून वीतभर लांब, आणि एका बाजूला चार बोटं मोकळं सोडलेलं. आज होतं तसंच, हुबेहूब.

"म्हणजे काकांचाच हात!" इन्स्पेक्टर म्हणाले.

"दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. त्या वर्षी त्यांची दोन झुडपं गेली. मी त्यांना भर नर्सरीत, दहा गिऱ्हाइकांसमोर झाडलं. सत्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला होता. चला, दाखवते."

अवजारांच्या खोलीत फळीवर काकांची झुडपांची वही होती. स्वतः बांधलेली, कापडी पाठीची, कोपऱ्यांना चामडं. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, 'ब्लूबेरीला राख वर्ज्य', आणि खाली तीन रेघा. पुढे वर्षावर्षाच्या नोंदी, कुठल्या झुडपाला किती मापं, छाटणी कधी. राखेचाही उल्लेख होता: 'राख फक्त कुंपणाच्या रास्पबेरीला. थोडी.' शेवटचा उल्लेख महिन्याभरापूर्वीचा: 'आईच्या गूसबेरी काढल्या. मुळं कुजलेली. रोग पसरू नये म्हणून जाळल्या. राख बादलीत.'

वहीच्या शेजारी ब्लूबेरीच्या खताची पिशवी होती. गुरुवारीच काकांनी माझ्याकडून नेलेली. वर वितीएवढं ब्लूबेरीचं चित्र. तोंड शिवलेलं, टाका न टाका जागेवर.

भिंतीवरच्या खिळ्याला काकांचे बागेचे हातमोजे टांगलेले होते आणि खाली रबरी बूट जोडीनं उभे होते. मी इन्स्पेक्टरांना विचारलं, काकांच्या पायात काय होतं.

"सपाता. घरातल्या."

"ओल्या मातीत, असल्या थंडीत, काका सपाता घालून, हातमोजे न घालता, नवी पिशवी न फोडता, स्वतः वर्ज्य म्हणून लिहून ठेवलेली राख सहा झुडपांना घालतात?"

इन्स्पेक्टरांनी पहिल्यांदा रुमाल खाली घेतला.

"हे काम काकांचं नाही," मी म्हणाले. "काकांच्या नावावर खपवायला दुसऱ्या कोणीतरी केलंय."

"मग सुनेनंच," ते म्हणाले. "कॅलेंडर तिच्या स्वयंपाकघरातच आहे."

मी वाचवायला गेले आणि दोर आणखी आवळून बसले.

३

सून स्वयंपाकघरात बसली होती. समोर ब्रेडचे दोन तुकडे, कोणीतरी आणून ठेवलेले, वाळून वाकडे झालेले. माझ्याकडे बघून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली.

"भांडण कशावरून झालं गं?"

"घरावरून." तिनं काही लपवलं नाही. "बाबा म्हणाले, घर तुझ्या नावावर करतो. मी म्हटलं, मला नको. लोक म्हणतील, नवरा खाल्ला आणि आता घर गिळायला बसली. ते चिडले. म्हणाले, लोकांची तोंडं बांधायला मी बाइंडर असलो तरी माझ्याकडे तेवढा दोरा नाही. मग मीही ओरडले. मला रडायला येत होतं म्हणून ओरडले." तिनं लाल हातांनी तोंड पुसलं. "रात्री त्यांनी माझ्या दाराबाहेर गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली. माझी पाठ दुखते ना. ते शेवटचं."

"काल?"

"काल दुपारी बाराला मी कामावर गेले. तेव्हा धाकटे काका, बाबांचे भाऊ, आले होते, दोघे चहा घेत होते. नऊला सुटले. येताना पाऊस होता, आठलाच सुरू झाला होता, आमच्या वाफेतही पत्र्यावर ऐकू येत होता. साडेनऊला घरी आले. बाबांच्या खोलीत अंधार होता. ते आठलाच झोपतात. मी झोपले. मध्ये साडेदहाला वगैरे पाऊस थांबला, मग थंडी पडली ती विचारू नका. सकाळी मला उशिरा जाग आली. वाटलं, खत घालतायत."

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "ब्लूबेरीला काय घालतात, माहीत आहे तुम्हाला?"

"मला?" तिनं खरंच आठवून पाहिलं. "पिशवीतलं काहीतरी. मी कधी त्या बाजूला गेले नाही. मला एकदा बाबांनी पाणी घालायला सांगितलं, मी नळाचं घातलं. तेव्हापासून त्यांनी माझ्यावर बंदीच घातली."

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. ज्याला काही माहीत नाही, तो खोलीत शिरून समोरची चित्राची पिशवी उचलेल. चित्राची पिशवी सोडून कोपऱ्यातली झाकणाची बादली उघडेल, तो काहीतरी माहीत असलेला माणूस असला पाहिजे. पण इन्स्पेक्टरांना 'वाटतं' चालत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही. फक्त घराला कुलूप कोण लावेल?"

तिनं बॅग भरून ठेवली होती. दाराजवळ उभी होती ती बॅग.

४

शेजारी घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. काका आणि ते बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, कारण काकांच्या रास्पबेरीचे फुटवे कुंपणाखालून त्यांच्याकडे उगवायचे. घड्याळजींच्याही ब्लूबेरी आहेत, आणि काकांच्यापेक्षा सरस आहेत. हे ते स्वतःच सांगतात.

"भांडण ऐकलं म्हणजे ऐकलं," ते म्हणाले. "शब्द नाही ऐकले. आपण कशाला कोणाच्या घरात कान घालायचे?"

"कान घातला नाही, तरी पोलिसांना फोन घातलात," मी म्हणाले. "बरं, हे बघा." आणि त्यांना कुंपणापाशी नेऊन राख दाखवली.

घड्याळजींचा चेहरा असा झाला की जणू कोणी घड्याळात पाणी ओतलंय. बारा वर्षांचं वैर विसरून ते कुंपणावर ओणवे झाले.

"राख? ब्लूबेरीला? अहो, खरवडून काढा आधी! उभ्या काय राहिलात? वरचा थर उचला, नाहीतर मुळात उतरेल! हे कोणी केलं? तो माणूस हेकट होता, पण एवढा गाढव नव्हता!" मग त्यांनी कुंपणावरून हात काढून घेतले. "होता" असं आपण म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "मी त्याला एकदा... नाही, ते जाऊ दे. चांगली लावली होती हो झुडपं."

मी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. हा माणूस आपल्या शत्रूला एकवेळ मारेल, पण झुडपाला राख घालणार नाही.

"काल संध्याकाळी कोणी दिसलं?"

"दुकानातून साडेसहाला आलो तेव्हा धाकटा निघाला होता. सातच्या बसला. फाटक अगदी हळू लावून गेला. एरवी आदळतो." त्यांनी खांदे उडवले. "पण तो शंभर कोसांवर आपल्या गावी होता सकाळी. रात्री अकराला पोचला, त्याच्या घरमालकानंच सांगितलं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं. म्हणून तर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "ताई, दोन वाजले. धाकटे दुपारच्या बसनं येतायत. त्यांना भेटून मी सुनेला घेऊन निघणार."

५

धाकटा चष्मे बनवायचा. बारीक, नीटनेटका, बोटं लांब. भाऊ गेल्याचा फोन आल्याबरोबर निघाला होता. डोळे सुजलेले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. बाहेरच्या खोलीत काकांच्या खुर्चीत न बसता तो शेजारच्या स्टुलावर बसला.

"दादा ठीक होता हो. चहा घेतला, गप्पा मारल्या. म्हणाला, उद्या खत घालायचंय. मी निघालो."

इन्स्पेक्टर चार साधे प्रश्न विचारून उठायला लागले. मी उठले नाही. मी रिकाम्या हातानं बसले होते आणि वेळ जात होता, म्हणून मला जे येतं तेच बोलले.

"आईच्या गूसबेरी होत्या ना इथे? तुमच्या लहानपणीच्या?"

तो एकदम वर बघायला लागला. "तुम्हाला माहीत आहेत?"

"काकांनी सांगितलं होतं. काटेरी, हिरव्या फळांच्या. आंबटढाण."

"आंबट? पिकल्यावर खाल्ल्यात का कधी?" चेहऱ्यावर ऊन पडावं तसा तो सैल झाला. "आई वेचायची तेव्हा हाताला ओरखडेच ओरखडे. दोन झुडपं, माझ्या जन्माच्या वर्षी लावलेली. दादा थोरला, त्याला सगळं मिळायचं. पण झुडपांना खत घालायचं काम आईनं मला दिलं होतं."

"शेणखत?"

"छे! राख. चुलीची राख ती वर्षभर डब्यात साठवायची. थंडी सरली की मूठमूठ घालायची. बेरीला राख म्हणजे आईचं दूध, असं म्हणायची." त्यानं स्टुलावरून वाकून जमिनीवर लांब बोटानं गोल काढला. "खोडाला लावायची नाही. वीतभर लांब. असं कडं. आणि आपण उभे असतो ती बाजू चार बोटं मोकळी ठेवायची, तिथून पाणी घालायला. कडं पुरं केलं की आई हातावर मारायची."

त्याचं बोट फरशीवर थांबलं. कडं चार बोटं उघडं होतं.

इन्स्पेक्टर दारात उभे होते ते तसेच उभे राहिले.

६

आम्ही तिघे बागेत गेलो. मी धाकट्याला काही बोलले नाही, इन्स्पेक्टरांशीच बोलले, पण त्याला ऐकू जाईल असं.

"ज्याला बेरीतलं काहीच कळत नाही, तो चित्राची पिशवी उचलेल. म्हणजे सून नाही. ज्याला सगळं कळतं, तो मेला तरी राख घालणार नाही. म्हणजे घड्याळजी नाहीत, आणि काकाही नाहीत. उरतो तो अर्धवट कळणारा. ज्याला आईची गूसबेरी माहीत आहे आणि सगळ्या बेरी एकाच जातीच्या वाटतात. काकांनी पहिल्या वर्षी हीच चूक केली, कारण ते त्याच आईचे होते. ही चूक जगात दोनच माणसं करू शकत होती, आणि त्यातल्या एकाला मी ती विसरायला लावली होती."

"पण सकाळी ते..."

"सकाळ कोण म्हणतं? वाका जरा."

इन्स्पेक्टर वाकले. राखेवर पापुद्रा धरलेला होता आणि पापुद्र्यावर बारीक बारीक खळगे, सगळीकडे सारखे.

"पावसाच्या थेंबांचे," मी म्हणाले. "झारीनं घातलेलं पाणी राख वाहून नेतं. आणि झारी भरणार कुठून? तुम्ही सकाळी आलात तेव्हा त्या पिंपावर काय होतं?"

"बर्फ." ते सावकाश म्हणाले. "अख्खा पापुद्रा. मीच बोटानं फोडला."

"पाऊस काल आठला लागला आणि साडेदहाला थांबला. सुनेची छत्री अजून व्हरांड्यात वाळतेय. त्यानंतर थेंब पडलेला नाही. म्हणजे ही राख काल रात्री आठच्या आधी पडलेली आहे. तेव्हा सून धुलाईघरात वीस बायकांमध्ये चादरी उकळत होती. साडेसहापर्यंत इथे दोनच माणसं होती. त्यातलं एक बसनं गेलं."

धाकटा झुडपांकडे बघत होता, आमच्याकडे नाही.

"त्यानं आईला जाळलं," तो म्हणाला.

इन्स्पेक्टर सरळ झाले.

"मी म्हटलं, झुडपं कुठायत? तर म्हणाला, कुजली होती, जाळली. असं सहज. कप धुऊन टाकल्यासारखं. मी मागे आलो तर जागा सपाट. त्यानं मला ती बादली दाखवली, झाकण काढून. म्हणाला, ही बघ. हसला तो. काहीतरी सांगत होता, थांब, ऐक, म्हणत होता. मी ढकललं. एकदाच ढकललं. एवढंच."

"आणि मग?"

"तो पडला. हालला नाही. मला कॅलेंडर आठवलं. सकाळी खत घालताना पडला, असं वाटेल म्हणून..." त्यानं लांब बोटं एकमेकांत गुंतवली. "ते खोटं नाही. पण एवढंच नव्हतं. ती राख कुठल्या तरी बेरीला लागायला हवी होती. आईची होती ती. मग मी नीट घातली. घाई केली नाही."

"किती वेळ लागला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"अर्धा तास."

इन्स्पेक्टरांनी नाक पुसलं. मग अगदी कोरड्या आवाजात सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, डोक्याला लागल्यावर ते तासभर तरी जिवंत होते. शिकंज्यापासून उंबऱ्यापर्यंत ते स्वतः सरकत आलेत. तुमच्याकडे."

धाकट्यानं खोलीकडे पाहिलं, मग पहिल्या झुडपाकडे. मध्ये दहा पावलं असतील. त्यानं ती नजरेनं मोजली.

७

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं, असं इन्स्पेक्टर नंतर म्हणाले. असेल. पण मला राग आला होता, आणि राग आला की माझी जीभ माझी राहत नाही.

त्याला गाडीकडे नेत होते तेव्हा मी माझ्या टेम्पोपाशी गेले आणि मागून एक कुंडी काढली. सोमवारी काका ती न्यायला येणार होते. आज इकडे येतेच आहे तर देऊन टाकावी, म्हणून मी सकाळी फोन आल्यावर ती उचलली होती. 'एक अपघात झालाय' एवढंच मला फोनवर सांगितलं होतं. काकांना झालाय, हे नाही.

"गेल्याच्या गेल्या वर्षी पानं गळल्यावर तुमचे दादा माझ्याकडे आले," मी धाकट्याला म्हणाले. "हातात पेन्सिलीएवढ्या बारा काड्या. म्हणाले, आईची झुडपं मुळातून चाललीत, वाचणार नाहीत, पण शेंडे अजून निरोगी आहेत. यातली एक तरी जगवा. अकरा मेल्या. ही जगली."

कुंडीत गुडघ्याच्या खाली येईल एवढं काटेरी रोप होतं. पाच-सहा पानं फुटलेली, नखाएवढी. काठाला काकांच्या अक्षरातली पट्टी बांधलेली होती. त्यांनी ती पुस्तकाच्या पाठीसारखी कापडावर चिकटवून आणली होती, पावसानं जाऊ नये म्हणून. तिच्यावर लिहिलं होतं, 'आईची. धाकट्यासाठी.'

"थांब, ऐक, म्हणत होते ते हेच असणार," मी म्हणाले.

त्यानं पट्टी वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मुळं धरलीत?"

"धरलीत. चांगली."

तो रस्त्यावरच खाली बसला. दोन शिपायांनी त्याला बगलेत धरून उठवलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "हिला राख चालते."

मला तेव्हाच वाईट वाटायला लागलं आणि अजून वाटतं. पण न सांगता ते रोप मी परत नेलं असतं, तरी वाटलंच असतं.

सुनेनं आपली बॅग दारातून उचलून आत ठेवली. मग ती काकांचे हातमोजे घालून बागेत आली, तिला ते फार मोठे होते, आणि मी सांगितलं तसं राखेचे पापुद्रे खुरप्यानं उचलून बादलीत टाकायला लागली. तिला सहाही झुडपं वाचवायची होती. दोन बहुधा पिवळी पडतील, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. घड्याळजी कुंपणापलीकडे उभे राहून 'हळू, मुळं वरच असतात' म्हणत होते, आणि तिनं मान वर न करता 'हो' म्हटलं.

काम झाल्यावर तिनं बादली कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, झाकण लावून आत ठेव, कोरडी राहू दे.

कुंडी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून आले. ती कुठे लावायची, हा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही.